आजीचं ‘घालणं’ आणि इंग्रजीचं ‘पुट’

दोस्तांनो, इंग्रजीतला ‘पुट’ तुम्हाला ठाऊक आहेच. पी-यू-टी पुट, पुट म्हणजे ठेवणे. पुस्तक टेबलावर ठेव, डबा दप्तरात ठेव. पहिल्या एकदोन इयत्तांत हा पुट आपल्याशी अगदी सज्जनासारखा वागतो. मग एके दिवशी त्याच्या शेजारी ‘ऑफ’ नावाचा एवढासा शब्द येऊन बसतो आणि पुटसाहेब एकदम ओळखच दाखवेनासे होतात! ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे. ‘ऑफ’ उठून गेला आणि ‘आऊट’ आला, की अर्थ होतो विझवणे. ‘ऑन’ आला तर अंगात घालणे. ‘अप’ आला तर उभारणे, टांगणे आणि शिवाय पाहुण्याला रात्रीपुरतं घरी ठेवून घेणे. ‘अप’च्या पाठोपाठ ‘विथ’ही आला तर सहन करणे. आता सांगा, या सगळ्यात ते मूळचं ‘ठेवणं’ गेलं कुठे?

इंग्रजीत अशा जोडीला ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. एक साधं क्रियापद आणि त्याला चिकटलेले एक-दोन चिमुकले शब्द. सगळे मिळून एक नवंच क्रियापद तयार होतं. क्रियापद तेच राहतं, चिमुकला शब्द बदलतो आणि अर्थ पार दुसऱ्या गावाला जातो.

तुम्हाला वाटत असेल, हा त्रास फक्त आपल्यालाच होतो. मुळीच नाही, बरं का! इंग्लंडमध्ये सॅम्युअल जॉन्सन नावाचे मोठे कोशकार होऊन गेले. त्यांचा इंग्रजी शब्दकोश १७५५ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी कबूल केलं आहे, की क्रियापदाला असा छोटा शब्द जोडून नवा अर्थ काढायची इंग्रजीची ही सवय परक्या माणसाला सगळ्यात जड जाते. म्हणून त्यांनी अशा जोड्या मुद्दाम काळजीपूर्वक टिपल्या. म्हणजे पावणेतीनशे वर्षांपूर्वीही कुणीतरी डोकं धरून बसत होतंच!

गंमत अशी, की इंग्रजी लोक या जोड्या शेकडो वर्षं वापरत होते, पण ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव मात्र अलीकडचं. १९२५ साली लोगन पिअर्सल स्मिथ या लेखकाने आपल्या ‘वर्ड्स अँड इडियम्स’ या पुस्तकात ते वापरलं आणि हे नाव आपल्याला हेन्री ब्रॅडली यांनी सुचवलं असं सांगितलं. हे ब्रॅडली म्हणजे प्रसिद्ध ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाचे एक संपादक. याच कोशाच्या नव्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर या संपादकांनी ‘रन’ या एवढ्याशा क्रियापदाचे अर्थ मोजले. त्यांना सुमारे नऊ महिने लागले आणि अर्थ भरले ६४५! इंग्रजी ज्यांची मायबोली त्यांना नऊ महिने लागतात, तर आपल्याला एका संध्याकाळी वीस जोड्या पाठ झाल्या नाहीत म्हणून रडायचं कशाला?

पण आम्ही रडलो होतो. मी भांडगावची. पुणे जिल्ह्यातल्या दौंड तालुक्यातलं, पुणे-सोलापूर रस्त्यावरचं आमचं गाव. यवत मागे टाकलं की चौफुला यायच्या आधी लागतं. उसाचे ट्रॅक्टर, गुऱ्हाळाचा गोड वास आणि कालव्याला पाणी कधी सुटणार याची चर्चा, यातच आम्ही वाढलो. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्यामुळे एबीसीडी गिरवून होते न होते तोच आठवीत या जोड्या समोर उभ्या राहायच्या. आमच्या घरी एक जुनं गाईड होतं. त्यात एकेका क्रियापदाखाली लांबलचक यादी. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अर्थ आणि खाली सूचना : पाठ करा.

मी तेव्हा आठवीत होते. माझी आतेबहीण शिक्षणासाठी आमच्याकडेच राहायची. ती नववीत होती. तिला मी ताई म्हणायचे. गणितात ताई अशी हुशार, की दुकानदाराच्या आधी तिचा हिशेब तयार! पण इंग्रजीचं पुस्तक उघडलं की तिचा चेहरा पडायचा. एका रविवारी दुपारी आम्ही दोघी पडवीत बसून ‘पुट’ची यादी घोकत होतो. सातव्या-आठव्या ओळीला ताईने गाईड भिरकावून दिलं.

“एकाच शब्दाचे इतके अर्थ! बाकीचे शब्द संपले होते का त्यांचे?” ती म्हणाली.

आजी शेजारीच बसून वाती वळत होती. तिला अक्षर म्हणून ओळखता यायचं नाही. तिने विचारलं, “कशाचे गं एवढे अर्थ?”

“आजी, इंग्रजीत एक शब्द आहे. ठेवणं, घालणं असा. पण त्याच्यापुढं काय येईल तसा तो बदलतो.”

“मग त्यात काय नवल?” आजी म्हणाली. “तू आधी उठ. गाईला वैरण घाल. अन् पुस्तकाला असं पाय लागंल तिथं टाकू नगं.”

ताई उठली, दोन पावलं गेली आणि थबकली. मला म्हणाली, “ऐकलंस? गाईला वैरण घाल. घाल म्हणजे इथं ठेव नाही हं. खायला दे.”

झालं! आम्हाला एक खेळच मिळाला. त्या दिवशी आजी जितक्या तऱ्हेने ‘घालणं’ वापरेल तितक्या रेघा कोळशाने भिंतीवर ओढायच्या असं ठरलं. तीच तऱ्हा पुन्हा आली तर रेघ नाही. आजीला आम्ही काहीच सांगितलं नाही.

आणि मग काय विचारता! आजीने दुधाला विरजण घातलं. धाकट्याला आंघोळ घातली. त्याला झबलं घातलं. माझी वेणी घातली. उसाला खत घातलं का म्हणून बाबांना विचारलं. दारात दोघं भांडत होते त्यांना ‘हुज्जत घालू नका’ म्हणून दटावलं. कपाळाला हात लावून देवाला गाऱ्हाणं घातलं. भाजलेल्या बोटावर फुंकर घातली. फाटक्या गोधडीला टाका घातला. संध्याकाळी आलेल्या पाहुण्याला जेवायला घातलं आणि रात्री अंथरूण घातलं. झोपताना आम्हाला कोडंही घातलं! भिंतीवर बावीस रेघा झाल्या. घरी कुणी कोश उघडला नव्हता, कुणी यादी पाठ केली नव्हती. एकही ‘घालणं’ ऐकून आम्ही अडखळलो नव्हतो.

त्याहून मोठी गोष्ट ताईच्या लक्षात आली. रात्री आजी तिच्या दुखऱ्या कानात तेल घालत होती. तेल घालता घालता बाबांना म्हणाली, “उद्या मोटारीचं तेवढं थोरल्याच्या कानावर घाल.” मोटार म्हणजे विहिरीवरची पाण्याची मोटार. ताई तशीच आडवी पडून हसायला लागली.

“कानात घालणं म्हणजे तेल. आणि कानावर घालणं म्हणजे सांगणं! कान तोच, घालणं तेच. नुसता ‘त’चा ‘वर’ झाला!”

दोस्तांनो, त्या एका वाक्यात फ्रेजल व्हर्बचं सगळं गुपित आहे. आपणही हेच करतो. आपले चिमुकले शब्द वेगळे उभे राहत नाहीत, ते नामाच्या शेपटाला चिकटतात, एवढाच फरक. ‘अंगात घालणं’ म्हणजे कपडा चढवणं, पण बैल ‘अंगावर घातला’ तर पळावंच लागेल. ‘पाठीशी घालणं’ म्हणजे चूक करणाऱ्याला सांभाळून घेणं. ‘पदरात घालणं’ म्हणजे देऊन टाकणं. ‘पोटात घालणं’ म्हणजे दुसऱ्याचा अपराध गिळून त्याला क्षमा करणं. उद्या एखादा इंग्रज मुलगा मराठी शिकायला आला आणि त्याला कुणी सांगितलं, की घालणे म्हणजे पुट, तर ‘आजीने नातवाची चूक पोटात घातली’ हे वाक्य वाचून त्याला काय वाटेल? तो घाबरून डॉक्टरला बोलावील!

पण आपण घाबरत नाही. का? कारण आपण ‘घालणं’ यादीतून शिकलो नाही. वैरण, वेणी, विरजण यांच्यासकट शिकलो. हीच किल्ली आता ‘पुट’च्या कुलपाला लावून पाहू या. मोठ्या शब्दाकडे बघायचं नाही, छोट्या शब्दाकडे बघायचं. तो कुठे बोट दाखवतो ते पाहायचं.

‘ऑन’ म्हणजे वर, लागून, चिकटून. ‘पुट ऑन युवर शूज’ म्हणजे बूट घाल. बूट पायाला लागले ना? ‘पुट ऑन वेट’ म्हणजे वजन वाढणं. आपण नाही का म्हणत, सुट्टीत आजोळी राहून आला आणि अंगावर मूठभर मांस चढलं! तेच ते. इंग्रजीतही ते अंगावरच चढतं.

‘ऑफ’ म्हणजे सुटून लांब. ‘दे पुट ऑफ द मॅच’ म्हणजे सामना ठरल्या दिवसापासून सोडवला आणि लांब सरकवला. आपण ‘पुढे ढकलला’ म्हणतो. एखाद्या वासाने जेवणावरचं मन उडालं तर तिथेही ‘पुट ऑफ’ येतं. काय सुटलं? मन सुटलं. आपल्याकडे ते उडतं, त्यांच्याकडे ते ‘ऑफ’ होतं.

‘आऊट’ म्हणजे बाहेर, आणि बाहेर म्हणजे खेळ खलास. गडी आऊट झाला की तंबूत परत. तसाच जाळ किंवा दिवा ‘आऊट’ झाला की विझला. म्हणून ‘पुट आऊट द फायर’ म्हणजे आग विझव. डॉक्टर मात्र ‘पुट आऊट युवर टंग’ म्हणाले तर जीभ विझवायची नाही हं, बाहेर काढायची! सोबत कोण आहे, आग की जीभ, हे पाहिलं की गोंधळ होत नाही. आपणही ‘वेणी घातली’ आणि ‘वैरण घातली’ यांत गोंधळ करत नाही, तसंच.

‘डाउन’ म्हणजे खाली. ‘पुट डाउन द बॅग’, पिशवी खाली ठेव. ‘पुट डाउन युवर नेम’ म्हणजे नाव लिही. कारण मनातलं खाली कागदावर येतं. आपणसुद्धा फळ्यावरचं वहीत ‘उतरवून’ घेतोच की! आणि कुणाला चारचौघांत ‘पुट डाउन’ केलं म्हणजे त्याचा अपमान केला, त्याला खाली पाहायला लावलं. यालाच आपण म्हणतो पाणउतारा. बघा, तिथेही उतारच!

‘असाइड’ म्हणजे बाजूला. ‘पुट असाइड सम मनी’ म्हणजे थोडे पैसे बाजूला टाक. इथे तर मराठी आणि इंग्रजी अगदी जुळ्या बहिणी.

‘अप’ म्हणजे वर. ‘पुट अप अ टेंट’, तंबू उभार. ‘पुट अप द नोटीस’, सूचना भिंतीवर लाव. इथवर सरळ आहे. पण ‘वी पुट अप अवर गेस्ट्स’ म्हणजे पाहुण्यांची राहायची सोय केली. आपले पाहुणे मात्र आपल्याकडे ‘उतरतात’. म्हणजे इंग्रजी पाहुणा चढतो आणि मराठी पाहुणा उतरतो! जेवतात दोघंही सारखंच.

अशा ठिकाणी दोन भाषांच्या वाटा फुटतात आणि तिथे थोडं जपून चालावं लागतं. ‘पुट अप विथ’चंच पाहा. गाइडात त्याचा अर्थ ‘सहन करणे’ असा दिलेला असतो. ‘पोटात घालणं’ त्याच्या जवळचं आहे, पण तंतोतंत नाही. पोटात घालण्यात माया आहे, पुट अप विथमध्ये नाइलाज आहे. नातवाची खोडी आजी पोटात घालते. शेजारच्या मांडवातला लाउडस्पीकर आपण ‘पुट अप विथ’ करतो. फरक कळला ना?

तुम्ही म्हणाल, इंग्रजांना एवढा खटाटोप हवा कशाला? पुढे ढकलण्याला ‘पोस्टपोन’ हा शब्द आहे, विझवण्याला ‘एक्स्टिंग्विश’ आहे, सहन करण्याला ‘टॉलरेट’ आहे. एकेका शब्दाला एकेक अर्थ, किती सोपं! बरोबर. पण हे शब्द इंग्रजीच्या घरचे नाहीत. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढे कितीतरी वर्षं दरबारात आणि कचेरीत फ्रेंच भाषा चालली. विद्वानांची भाषा लॅटिन होती. त्या दोन वाटांनी हजारो भारदस्त शब्द इंग्रजीत आले. शेतात, स्वयंपाकघरात, गल्लीत मात्र लोक आपले जुने लहान शब्दच वापरत राहिले. पुट, गेट, टेक, गो आणि त्यांच्या जोडीला अप, डाउन, इन, आऊट.

आपल्याकडे काय वेगळं आहे? गाडीवर लिहिलेलं असतं ‘अग्निशमन’, पण आग लागली की आपण ओरडतो ‘विझवा, विझवा!’ सभा ‘स्थगित’ होते ती कागदावर. बोलताना ती पुढे ढकलली जाते. म्हणून ‘एक्स्टिंग्विश’ पाठ करणाऱ्या मुलाला परीक्षेत मार्क मिळतील, पण समोरचा माणूस घाईघाईत म्हणेल ते ‘पुट इट आऊट’ असेल. आगीपुढे उभं राहून कोश कोण उघडणार?

आता ‘पुट इट आऊट’ म्हटलंच आहे, तर एक छोटा नियम सांगून टाकते. ‘पुट ऑन युवर शूज’ म्हणा किंवा ‘पुट युवर शूज ऑन’ म्हणा, दोन्ही चालतं. पण शूजच्या जागी ‘देम’ हे सर्वनाम आलं, तर ते मधेच बसणार : ‘पुट देम ऑन’. ‘पुट ऑन देम’ असं म्हणत नाहीत. सर्वनाम हे लहान भावंडासारखं असतं, दोघांच्या मधेच झोपणार! ‘पुट अप विथ’ ही तिघांची जोडी मात्र फुटत नाही. तिथे ‘पुट अप विथ इट’ असंच.

आणि हो, आपल्याकडे पुष्कळ लोक इंग्रजी बोलताना ‘पुट ऑफ द लाइट’ म्हणतात. इंग्लंडमध्ये दिव्यासाठी सहसा ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’ म्हणतात. आमची आजी म्हणायची, ‘दिवा घालव’. घालणं आणि घालवणं ही एका घरातलीच वाटतात ना? आणि हल्ली तर ‘लाइट ऑफ कर’ म्हणजे आपण इंग्रजी क्रियापद सोडून दिलं आणि चिमुकला शब्द तेवढा उचलून आणला. आपल्या लोकांनाही नेमकं कळलं, की अर्थाची चावी कुणाकडे आहे!

खरं सांगू? या जोड्या तुम्हाला आधीपासून येतात. गावातली भाजी पुण्याच्या मार्केटला जाते ती ‘पिकअप’मधून. एसटी रस्त्यात बंद पडली की ‘ब्रेकडाऊन’. क्रिकेटमध्ये ‘रनआऊट’, नाटकात ‘मेकअप’. एकाच ‘लॉक’ची तर तीन रूपं घराघरात माहीत आहेत. चोराला पोलीस ठेवतात ते ‘लॉकअप’. मालकाने कारखान्याला टाळं ठोकून कामगारांना बाहेर ठेवलं की ‘लॉकआऊट’. आणि मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत सगळा देश घरात बसला ते ‘लॉकडाऊन’. आत, बाहेर आणि जिथल्या तिथे! ज्यांनी एबीसीडी कधी गिरवली नाही अशा आजोबांनाही हे तीन शब्द वेगळे कळतात. कारण त्यांनी ते सोसून शिकले, घोकून नाही.

आता ताईचं सांगते. तिला ‘कानात’ आणि ‘कानावर’ यांतला भेद एका रात्रीत दिसला होता. पण तिला जे कळलं त्याला परीक्षेत मार्क नव्हते. मार्क यादीला होते आणि यादी तिला पाठ होत नव्हती. नववी पास झाली, पण ‘दहावीला माझं इंग्रजी निघायचं नाही’ हे तिने मनाशी पक्कं धरलं आणि शाळा सोडली. कुणी तिला ढ म्हणालं नाही. तिनेच स्वतःला तसं म्हणून घेतलं आणि पुढे तीसेक वर्षं म्हणत राहिली. शेती सांभाळली, बचतगटाचे हिशेब लिहिले, दोन मुलं वाढवली. बँकेत इंग्रजी फॉर्म पुढे आला, की मात्र ‘मला नाही कळत, तुम्हीच भरा’ म्हणायची.

गेल्या दिवाळीत मी तिच्याकडे गेले होते. तिची धाकटी मुलगी आठवीत आहे. ती पहिलीपासून इंग्रजी शिकलेली. पण वही उघडून बघते तर तीच यादी! पोरगी डोळे मिटून घोकत होती, “पुट अप विथ, सहन करणे. पुट अप विथ, सहन करणे.” ताई चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. तिने मान न वळवता विचारलं, “म्हणजे पोटात घालणं का गं?”

मी म्हटलं, “जवळपास. पण त्यात माया नसते.”

“मग नाइलाजानं चालवून घेणं,” ताई म्हणाली. “आणि ते अप कशाला लावलंय?”

पोरगी वही खाली ठेवून आईकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत आईने इंग्रजीबद्दल विचारलेला हा तिचा पहिला प्रश्न होता. मग तासभर आमचा खेळ चालला. मी इंग्रजी वाक्य सांगायचं, पोरीने छोटा शब्द शोधायचा, ताईने घरातलं मराठी सांगायचं. ‘पुट असाइड’ला ताई म्हणाली, ‘गटाचा हप्ता.’ ‘पुट डाउन’ला म्हणाली, ‘पाणउतारा, आणि वहीत लिहिणं पण.’ तव्यावरची एक भाकरी करपली. ती आम्ही तिघींनी वाटून खाल्ली.

रात्री ताईने हळूच विचारलं, “ते सतरा नंबरच्या फॉर्मचं वय असतं का गं? माझ्याएवढ्या बाईला चालतं?”

ज्यांची शाळा सुटली आहे त्यांना घरी अभ्यास करून दहावीला बसता यावं, यासाठी बोर्डाचा हा सतरा नंबरचा फॉर्म असतो. मी म्हटलं, चालतं. आणि आमच्या जवळच्या केडगावची आठवण दिली. तिथे पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदन उभं केलं. रमाबाई संस्कृतच्या पंडिता. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या तेव्हा पंचवीस वर्षांच्या होत्या. चारच वर्षांनी, १८८७ मध्ये, त्यांचं इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालं. पुढे उतारवयात त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणायचं काम हाती घेतलं आणि ते १९२२ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत चालू होतं. छापून आलं १९२४ साली, सदनाच्याच छापखान्यात. बाया-बापड्यांना कळेल असं मराठी त्यांना हवं होतं. शब्दाला शब्द ठेवून ते कसं साधलं असतं?

“त्या पंडिता होत्या बाई,” ताई म्हणाली. “मी कुठली!”

“तू भिंतीवर बावीस रेघा ओढल्या होत्यास,” मी म्हटलं.

ताईने फॉर्म भरला आहे. पास होईल की नाही, ते निकाल सांगेल. सध्या आई आणि मुलगी एकाच वहीत लिहितात. वहीच्या एका पानावर इंग्रजी वाक्य असतं, समोरच्या पानावर घरातलं.

तुम्हीही अशी वही करून पाहा. यादी करू नका. एक क्रियापद निवडा : गेट, टेक, लुक, टर्न, कोणतंही. त्याची एक जोडी वाचनात आली की अख्खं वाक्य उतरवून घ्या. चिमुकल्या शब्दाखाली रेघ ओढा आणि तो कुठे बोट दाखवतो ते लिहा. मग घरात कान उघडे ठेवा. आजी, आजोबा, आई, शेतावरचे मामा यांच्या बोलण्यात त्याच्या जवळचं मराठी सापडतं का बघा. ‘काढणं’ मोजा. वाट काढणं, झोप काढणं, खोडी काढणं, दिवस काढणं, आजार अंगावर काढणं... कितीतरी निघतील! महिन्याभरात तीसेक वाक्यं झाली तरी पुष्कळ. ती विसरणार नाहीत, कारण त्यांना घरातल्या माणसांचा आवाज लागलेला असेल.

आणि जाता जाता एक कोडं घालते. समजा तुम्हाला निरोप आला : ‘द वेडिंग हॅज बीन पुट ऑफ. वी विल पुट यू अप नेक्स्ट मंथ. प्लीज पुट ऑन युवर बेस्ट क्लोद्ज.’ आता सांगा, उद्या लग्नाला निघायचं की नाही? पुढच्या महिन्यात मुक्कामाचं लॉज शोधायचं की नाही? आणि नवे कपडे पेटीत ठेवायचे की अंगात घालायचे?